बारवेतली चूल

वडाच्या फाट्यावर एस.टी. थांबली की ड्रायव्हर दार उघडायच्या आधी हवा हुंगायचा. वरणाचा वास आला तर गाडी वीस मिनिटं उभी. नाही आला तर "चला, उदगीरलाच बघू" म्हणून गाडी पुढं. गेली चौदा वर्षं असंच चाललं होतं. चार खांब, वर पत्रा, दोन बाकडी, एक चूल आणि चुलीपुढं धुरपताबाई. हॉटेलला पाटी नव्हती. वास हीच पाटी.

वरणात काय टाकतेस, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "डाळ, पानी आन् जाळ. चौथं काय असलं तर मला बी सांगा."

डाळ लातूरच्या मिलची, ती सगळ्यांकडंच होती. जाळ बाभळीचा, तोही सगळ्यांकडं. पाणी मात्र मागच्या बारवेचं. त्या पाण्यात तूर अशी विरघळायची की रवी फिरवायचं काम पडायचं नाही. दाणा पळीवर घेऊन बोटानं दाबला की लोणी. दुसऱ्या पाण्याचं वरण तिनं कधी लावलं नव्हतं.

बारव कुणी बांधली, कुणालाच ठाऊक नव्हतं. काळ्या दगडाची, चिरा चिऱ्याला लागलेली, कडेच्या देवळ्यांत पारवे. पाण्यावर एकवीस पायऱ्या दिसायच्या. खाली किती, ते पाण्यालाच माहीत.

लातूर जिल्हा नवा झाला त्याच्या तिसऱ्या सालची ही गोष्ट. दोन वर्षं पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. ज्वारी वीतभर वाढून उभ्या उभ्या वाळली. चिंचेला आकडा धरला नाही, कारण मोहरावर माशी बसलीच नाही. दसऱ्याला बारवेची चोविसावी पायरी उघडी पडली, दिवाळीला अठ्ठाविसावी. नव्या उघड्या पडलेल्या पायऱ्या हिरव्यागार, शेवाळानं गुळगुळीत असायच्या आणि दोन दिवसांत वाळून त्यांच्यावर पांढरी साय धरायची.

शेजारची शिवम्मा रोज सकाळी हॉटेलच्या खांबाला टेकून उन्हाला बसायची. नव्वदीची म्हातारी, दोन्ही डोळे पांढरे झालेले. चहाची बशी हातात घेतली की तिचा एकच सवाल.

"चूल दिसली का गं, धुरपता?"

"कोंची चूल, अव्वा? ही काय तुज्या पुढ्यात."

"ही न्हाई. खालची."

धुरपताबाई हसून सोडून द्यायची. म्हातारपणी माणूस काहीही बोलतं.

कार्तिकातल्या एका दुपारी फाट्यावर जीप थांबली. नव्या जिल्ह्याच्या हापिसातले साहेब होते, मुलूख पाहायला निघालेले. वरण-भाकरी खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाले, "येळवस म्हणून तुमच्याकडं काहीतरी असतं म्हणे?"

केरबा, धुरपताबाईचा नवरा, हात पुसत पुढं झाला. "आसती की साहेब. अवसंला समदे शेतात जातेत. आंबील, भज्जी, उंडे. पांडवाला निवद दावायचा आन् रानातच जेवायचं."

"आमचे चाळीस लोक आणतो. सगळे बाहेरगावचे आहेत, त्यांनाही कळू दे. जेवण असंच जमलं तर हापिसाच्या आवारात एक शेड रिकामं आहे. रोजचं जेवण तुम्हीच करा."

जीप गेली तरी केरबा धुळीकडं बघत उभा होता. मग म्हणाला, "व्यंकटीला बोलावून घेऊ."

व्यंकटी त्यांचा एकुलता एक लेक. गेल्या सालापासून हैदराबादला विटा वाहत होता. त्याची बायको महानंदा इथं भाकरी थापायची. ती चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही, पण परातीवरचा हात थांबला. ते धुरपताबाईनं पाहिलं.

"चाळीस मानसं," केरबा म्हणाला. "नुसत्या हात धुयालाच ड्रम लागंल. बारवेतून कोन आनून राहिलंय? बोर पाडू."

देगलूरकडून नरसिंग पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो सगळं शेत फिरला. नांगरटीत फिरला, बांधावर फिरला, नारळ काही हलेना. मग फिरत फिरत बारवेच्या मागं आला आणि काठापासून आठ पावलांवर नारळ ताडकन उभा राहिला.

"हितं," नरसिंग म्हणाला. "धार हाय. मोठी धार."

केरबानं तिथंच नारळ फोडला. पाणी जिथं होतंच तिथंच नारळ उभा राहिला, हे त्या घटकेला कुणाच्याच डोक्यात आलं नाही. शिवम्मा तेवढी खांबापासून म्हणाली, "बारवेच्या उशाला का?" पण मशीनच्या गाडीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

दिवसभर भुकटी उडत होती. हॉटेल, वड, भाकरी, माणसं सगळी पांढरी झाली. दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं आणि वडाच्या फांदीएवढं उंच उडालं. केरबा साठीचा गडी, त्या पाण्याखाली धोतरासकट उभा राहिला. महानंदानं तोंड धुतलं. पाणी कोमट होतं. दगडाच्या पोटातलं पाणी आंगासारखं गरम लागतं, हे तिला नवीन होतं. तिनं हात पदराला पुसले, तरी बोटांवर काहीतरी खडूसारखं राहिलं.

दुसऱ्या दिवशी बोरवर मोटार बसली आणि केरबानं हौसेनं त्या पाण्याचं वरण लावायला लावलं.

धुरपताबाईनं नेहमीच्या वक्ताला डाळ टाकली. उकळी आली, फेस आला, फेस गेला. तासानं तिनं दाणा पळीवर घेऊन दाबला. दाणा बोटाखालून सटकला. दोन तासांनी पाणी निवळ आणि डाळ तळाला वेगळी, नदीतल्या वाळूसारखी. पळी फिरवली की खळखळ वाजायची. तीन एस.टी. थांबल्या आणि गेल्या. वासच नव्हता.

"जाळ कमी हाय," केरबा म्हणाला.

"जाळ तोच हाय. पानी आडमुठं हाय."

"मंग चिमूटभर सोडा टाक. समद्या हाटेलात टाकतेत."

ती चुलीपुढून उठली. घागर उचलून बारवेकडं गेली. एकतिसाव्या पायरीवर पाणी असायला हवं होतं. ते पस्तिसाव्यावर होतं. पारव्यांचा आवाज नव्हता. देवळ्या रिकाम्या, अंडी तशीच पडलेली. घागर बुडवताना तिला जाणवलं की मोटारीची घरघर पायाखालच्या दगडातून येतेय. मोटार थांबली तशी घरघर थांबली, आणि पाणी, जे खाली सरकत होतं, तेही थांबलं.

त्या आठवड्यात कासव वर आलं. बारवेत कासव आहे हे जुने लोक सांगायचे, पाहिलं कुणी नव्हतं. भर दुपारी परातीएवढं कासव एकेक पायरी चढून वर आलं आणि येऊन चुलीपुढं थांबलं. गिऱ्हाइकं घास हातात धरून बघत राहिली. पाठीवर वाळलेलं शेवाळ, डोळे बारीक. केरबानं गोणपाटात उचलून खाली सोडलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं. परत सोडलं. तिसऱ्या दिवशी ते चुलीपाशी थांबलं नाही. हॉटेलमधून सरळ पलीकडं निघालं, सडक ओलांडली आणि नांगरलेल्या ढेकळांतून दिसेनासं होईपर्यंत चालत राहिलं. त्या दिशेला दहा कोसांत पाणी नव्हतं.

"गेलं?" शिवम्मानं विचारलं.

"गेलं, अव्वा."

"मंग आता चूल दिसंल."

धुरपताबाई नवऱ्याला म्हणाली, "मोटार बंद करा. बारव उतरून राहिली."

"येळवस होऊ दे," केरबा म्हणाला. "चार दिवस. मंग तू म्हनशील तसं. लेकाला घरी आनायचं हाय का न्हाई?"

महानंदा शेजारीच भाकरी थापत होती.

अवसेच्या तीन दिवस आधी पाणी सरलं. धुरपताबाई रिकामी घागर घेऊन उतरली. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. त्रेचाळिसाव्या पायरीपाशी तळ लागला. वर आभाळ ताटाएवढं दिसत होतं. एका कोपऱ्यात चिऱ्याच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी वाटीएवढ्या खळग्यात पडत होतं. त्याच्या शेजारी, चिखलातून वर आलेले, तीन दगड होते.

ती वाकली. चिखल हातानं बाजूला सारला. दगड आतल्या अंगानं काळे होते. बोट फिरवलं तर काळं बोटाला लागलं. किती वर्षं पाण्याखाली, तरी काजळी गेली नव्हती. दगडांच्या मधोमध राख दगड होऊन बसली होती. चुलीपुढच्या पायरीला दोन खळगे होते, एक मोठा, एक लहान. टाकीनं पाडलेले नव्हते, झिजून पडलेले. तिला काही सुचेना. कमरेत कळ होती, म्हणून ती सहज टेकली. मोठ्या खळग्यात तिची बैठक बसली. लहान खळग्यात तिचा डावा गुडघा. चुलीपुढं बसताना डावा गुडघा मोडून खाली टेकवायची तिची जी खोड होती, अगदी तशी. उजवा हात लांबवला तर बरोबर थेंबाखाली गेला.

ती घाईनं उठली. घागर तिथंच राहिली. एवढ्या पायऱ्या ती मागं न बघता चढली आणि वर आल्यावर शिवम्माच्या पुढ्यात बसली.

"दिसली," ती म्हणाली.

शिवम्मानं मान हलवली. "माज्या सासूच्या सासूनं पेटवली होती. मोठ्या दुकळात. सासू तवा पोर होती, तिनं मला सांगितलं. तळाचं पानी वर न्यायाचं न्हाई, आसा नेम. तितंच शिजवायचं. ज्याला खायचं त्यानं खाली उतरायचं."

"वर नेलं तर काय व्हतंय?"

"वर नेलेलं पानी मापात ऱ्हात न्हाई बाई. एकजन घागर नेतो, दुसरा दोन नेतो. खाली आलेला पोटापुरतंच खातो. समदे उतरले म्हनं तवा. कोन कुनाच्या खालच्या पायरीवर बसलं, कुनी बगितलं न्हाई." म्हातारीनं चहाचा घोट घेतला. "पाऊस पडला तसं परत बगाया लागले."

येळवस उजाडली. भज्जीला हिरवं लागतं. हरभऱ्याचा पाला, तुरीचे ओले दाणे, वाल, गाजर. रानात यातलं काही नव्हतं. महानंदा दोन दिवस ओढ्या-ओढ्यानं हिंडून ओटीभर पाला आणि मूठभर शेंगा घेऊन आली होती. चाळीस माणसांच्या पातेल्यात ते टाकलं तर पाण्यावर तरंगलेली पानं मोजता आली असती. केरबानं उदगीरच्या बाजारातून वाळके वाटाणे आणून भिजवले. भिजवले बोरच्या पाण्यात. सकाळीही ते गोळीसारखे टणक होते.

"सोडा टाकतो मी," केरबा म्हणाला. "तू बगू नको."

"टाका," धुरपताबाई म्हणाली. तिनं लहान पातेलं घेतलं, डाळ घेतली, हळद, लसूण, काड्यापेटी, बाभळीच्या चार काटक्या आणि नारळाची एक करवंटी.

"कुटं निघालीस?"

"पांडवाचा निवद करते. सोड्याचा दावू का देवाला?"

खाली गारवा होता. ती त्याच खळग्यात बसली. या वेळी भीती वाटली नाही. बसायला दुसरी जागाच नव्हती. करवंटी थेंबाखाली धरली. करवंटी भरायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात वरच्या चुलीवर दहा भाकरी झाल्या असत्या. एक करवंटी पातेल्यात. दुसरी. तिसरी. मग वर मोटार सुरू झाली. दगड घरघरले, थेंब लांबला, बारीक झाला आणि सांध्याच्या तोंडाशीच अडून राहिला. पडला नाही. तिनं करवंटी तशीच धरून ठेवली. खांदा भरून आला. समोरचा सांधा हळूहळू वाळताना तिला दिसत होता, ओठ सुकतो तसा.

"महानंदा," तिनं वर हाक दिली. हाक चारी भिंतींना लागून वर गेली, आणि कितीतरी वेळानं खाली परत आली, जराशी घोगरी होऊन.

महानंदा काठावर आली. तिनं वाकून पाहिलं. सासू दिसली, तीन दगड दिसले, हवेत धरलेली करवंटी दिसली. मोटारीचा आवाज तिच्या मागंच होता. तिला सगळं कळलं, आणि काय जाणार आहे तेही कळलं. हापिसाचं शेड, तिथली चूल, आणि त्या चुलीच्या भरवशावर हैदराबादहून येणारा माणूस.

ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग गेली.

मोटार बंद पडली.

थोड्या वेळानं थेंब पडला.

जीप आणि मागून ट्रक अकराच्या सुमाराला आले. खाली धुरपताबाईला वरचं सगळं ऐकू येत होतं, विहिरीत सगळं जास्तच ऐकू येतं. बुटांचे आवाज. "वा, मांडव छान." "हात कुठं धुवायचे?" मग ड्रमचा पोकळ आवाज. मग केरबा.

"फ्यूज कुनी काडला? अगं महानंदा, फ्यूज कुटाय?"

"काय की मामंजी."

"हितंच व्हता की सकाळी."

"कावळ्यानं नेला आसंल."

"कावळा फ्यूज नेतो का?"

"या सालात कावळ्याला तरी दुसरं काय मिळून राहिलंय, मामंजी?"

कुणीतरी हसलं. जेवणं सुरू झाली. पत्रावळी वाजल्या. मग हळूहळू बोलणं कमी झालं. एक बाई म्हणाली, "वरणाला साबणासारखा वास येतोय का हो?" दुसरा कुणी म्हणाला, "वाटाणा दाताखाली येतोय." साहेबांचा आवाज आला, "त्या दिवशीचं वेगळं होतं."

तेवढ्यात खालच्या पातेल्यानं वास सोडला. डाळ फुटली होती. धुरपताबाईनं दाणा पळीवर घेतला, बोटानं दाबला. लोणी. लसूण पडला, वाफ उठली आणि बारवेच्या चारी भिंतींना घासत वर गेली. वरचं बोलणं थांबलं.

"हेच," साहेब म्हणाले. "हेच होतं. कुठून येतोय?"

त्यांचं डोकं काठावर दिसलं. मागं चाळीस डोकी. "बाई, ते वर आणून द्या ना."

"वर येत न्हाई ते, साहेब," धुरपताबाई म्हणाली. "ज्याला खायचं त्यानं खाली उतरायचं. आसा नेम हाय."

"इतकं खाली?"

"पानी हितंच हाय."

साहेब तीन पायऱ्या उतरले. चौथीवर पाय टाकणार तोच खालून गार हवा आली, वरणाचा, चिखलाचा आणि जुन्या धुराचा मिळून एक वास घेऊन, कुणाच्या तरी तोंडावाटे आल्यासारखी. त्यांनी खाली पाहिलं. तळाला एक म्हातारी जाळापुढं बसली होती. ती जणू आज बसलेली नव्हती, कैक वर्षांपासून तिथंच होती. साहेब उभ्या जागी थांबले. बुटाखालची पांढरी साय कुरकुरली.

"या पाण्याला झालं काय?" त्यांनी विचारलं.

"वर गेलं. तुमच्या हात धुयाच्या ड्रमात."

साहेब वळले. तीन पायऱ्या परत चढले. थोड्या वेळानं ट्रक सुरू झाला. जीप मात्र जरा वेळ तशीच थांबली, कारण तिचा ड्रायव्हर, भुजंग नावाचा बिलोलीकडचा माणूस, वहाणा काठावर काढून पत्रावळ घेऊन खाली उतरला होता. खालच्या पायरीवर बसला, दोन पळ्या वरण खाल्लं, तिसरी घेतली नाही.

"घ्या की, भाऊ," धुरपताबाई म्हणाली.

"न्हाई मावशी. पोट भरलं." त्यानं तीन दगडांकडं पाहिलं. "आमच्या तळ्यात बी असंल का आसली एकांदी?"

"तळं भरलेलं हाय का?"

"हाव. अजून हाय."

"मंग बगू नका."

तो वर गेला आणि जीपही गेली.

मग पायऱ्यांवर जड पाय वाजले. केरबा उतरत होता. पाठीवर शिवम्मा होती, तिचे काटकुळे पाय त्याच्या कमरेशी लोंबत होते. तो दर पाच पायऱ्यांना थांबत होता, दम खात होता. तळाला आल्यावर त्यानं म्हातारीला अलगद ठेवलं. तिनं हात पुढं केला, चाचपत चाचपत दगडापाशी आली, काळ्या अंगावरून बोटं फिरवली आणि ती बोटं नाकापाशी नेली.

"हीच," ती म्हणाली. "वाढ मला."

केरबा खालच्या पायरीवर बसला. घामानं भुकटी तोंडावर चिकटून चेहरा ओळखू येत नव्हता. धुरपताबाईनं त्याच्या पुढ्यात पत्रावळ ठेवली. त्यानं घास घेतला, बराच वेळ तोंडात धरला, मग गिळला.

"गेलं शेड," तो म्हणाला.

"गेलं."

"लेक बी आता कवा येतोय."

धुरपताबाईनं त्याला आणखी एक पळी वाढली. तो खाली मान घालून जेवला. मग म्हणाला, "मोटार काडून घ्यावी म्हनतो मी. बोरला दगूड लावतो उद्या." आणि जरा थांबून, "नारळ बी बगा कसा उबा राह्यला व्हता."

महानंदा सगळ्यांच्या मागून उतरली. पदराच्या गाठीत काहीतरी टणक होतं. तिनं गाठ सोडून फ्यूज सासऱ्यापुढं पायरीवर ठेवला. केरबानं तो पाहिला, सुनेकडं पाहिलं आणि फ्यूज खिशात टाकला.

"कावळ्यानं आनून दिला का?"

"हाव, मामंजी."

जेवणं झाल्यावर केरबा म्हातारीला घेऊन परत वर निघाला. त्याचा धापेचा आवाज पायरी पायरीनं दूर गेला. जाळ खाली बसला होता. धुरपताबाईनं निखारे राखेखाली झाकले, दगड होते तसेच ठेवले आणि गुडघ्यावर हात देऊन खळग्यातून उठली. उद्या परत इथंच बसायचं होतं. परवाही. पाऊस येईपर्यंत फाट्यावरच्या पत्र्याखाली चूल पेटणार नव्हती.

"महानंदा, हितं बस जरा."

"मी?"

"बस म्हंते ना."

महानंदा बसली. तिनं लुगडं सावरलं, हात कुठं ठेवावा कळेना तशी इकडंतिकडं बघितलं. मग डावा गुडघा आपसूक मोडला गेला.

"बसला का गुडगा खळग्यात?"

"बसला, आत्या."

"उजवा हात लांब कर."

तिनं केला. थेंब बरोबर तळहातावर पडला.

"ध्येनात ठेव," धुरपताबाई म्हणाली. "नात झाली की तिला बी आनून बशीव."

महानंदानं मूठ मिटली. कोपऱ्यातला सांधा ओला चमकत होता, पण पुढचा थेंब अजून फुगत होता. दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या.

वर, अगदी वर, पहिल्या पायरीवर ताट वाजलं. कुणीतरी खाली उतरत होतं.